आमच्या खोट्या एटीएममध्ये आलेले काका

सिनेमात हॅकर धडाधड टाइप करतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं, ते बनवणं हा माझा धंदा. कॉम्प्युटर, मोबाइल, एटीएम, पोलिसांच्या कंट्रोल रूममधली भिंतभर स्क्रीन, सगळं. नटाने कुठलंही बटण दाबलं तरी ठरलेलंच पुढचं अक्षर उमटतं, त्यामुळे डोळे मिटून कीबोर्ड बडवला तरी ओळ बिनचूक येते. मोठ्या बजेटवाले स्क्रीनवर हिरवा कागद लावतात आणि चित्र नंतर व्हीएफएक्समध्ये भरतात. आमच्याकडे तेवढे पैसे नसतात, म्हणून सगळं जागेवर, कॅमेऱ्यासमोर चालवायचं. वीज ५० हर्ट्झची, कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर, त्यामुळे शटरचा कोन १७२.८ अंशांवर नेला नाही तर ट्यूबलाइट लुकलुकते. ब्राइटनेस पाडला नाही तर स्क्रीन पांढरी फटक पडते. आयपी ॲड्रेस, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता, दाखवायचा असेल तर मी २०३.०.११३ ने सुरू होणारा घेतो, कारण ते पत्ते फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, कुणाच्याही मशीनचे नसतात. या धंद्यातले बाकीचे लोक त्यात २५५ च्या पुढचा आकडा ठोकून देतात. असा पत्ता असूच शकत नाही, आणि हे कळणारा प्रेक्षक तिथेच सिनेमातून उठतो. निदान मनाने तरी.

तर सिनेमा होता एटीएमच्या दरोड्यावर. कथा सुचली ती २०१८ साली पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यावरून. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटी निघाले, भारतात वेगळे अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यातून, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. मशीनची विचारणा बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये घुसवलेला बनावट स्विच, म्हणजे एटीएम आणि बँकेला जोडणारी यंत्रणा, परस्पर ‘द्या पैसे’ म्हणत होता. हे सगळं खरं, पण नोटा उचलायला शेवटी माणसंच लागली. नकली कार्डं घेऊन मशीनपुढे उभी राहिलेली साधी माणसं, अगदी कोल्हापुरातसुद्धा. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. मी दिग्दर्शकाला पहिल्यापासून सांगत होतो की गोष्ट त्या रांगेतल्या माणसांची आहे. त्याला हवा होता बाइकचा पाठलाग आणि माझ्याकडून हिरव्या अक्षरांचा पाऊस. पाठलागावर निम्मं बजेट गेलं. असो.

एटीएमचा सेट भोसरीत, एमआयडीसीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका बंद गाळ्यात लावला होता. आर्टवाल्यांनी भंगारातून खऱ्या एटीएमचा सांगाडा आणला होता. त्यांच्या कामाला तोड नव्हती. काचेच्या दारावर ओढा-ढकला, आत ‘पिन टाकताना हाताने झाका’चं अर्धवट सोललेलं स्टिकर, कोपऱ्यात चुरगळलेल्या पावत्यांनी भरलेली बादली, बाहेर निळा चमकता बोर्ड. बँकेचं नाव तेवढं खोटं. कार्डाच्या फटीमागे यंत्र काहीच नव्हतं. कार्ड सरळ पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पडायचं, आणि मागे स्टुलावर बसलेला आर्टचा पोरगा वेळ आली की ते बाहेर सरकवायचा. नोटाही तोच सारायचा. बटणांच्या पत्र्याखाली मी साधा यूएसबी कीपॅड बसवला होता. स्क्रीनवर चार फुल्या यायच्या आणि नटाने काय दाबलं ते माझ्या लॅपटॉपवर दिसायचं. ते लागतंच. एखाद्याने घाईत पाच बटणं दाबली की स्क्रीन पुढे जाते आणि शॉटला शॉट जुळतोय का बघणारी कंटिन्युइटीवाली मुलगी माझ्या नावाने शंख करते.

रात्रीच्या शिफ्टची जेवणाची सुट्टी झाली. सगळं युनिट गाळ्याच्या मागच्या बाजूला पंगतीला. लाइट बंद केले होते, फक्त बोर्ड चालू, कारण एक्स्पोजर जुळवलंय तर हात लावू नका असं कॅमेरामनने बजावलं होतं. मी ताट घेऊन मशीनच्या मागेच बसलो होतो. एवढ्यात ट्रेमध्ये टप्पकन काहीतरी पडलं. लॅपटॉपवर एकामागून एक चार आकडे आले. मला वाटलं कुणीतरी असिस्टंट डायरेक्टर रिहर्सल करतोय. मग पलीकडून आवाज आला, “अहो, कुणी हाय का? कार्ड गिळलं बघा ह्यानं.”

वळसा घालून पुढे गेलो. पन्नाशीचे काका. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी. दुसरी पाळी सुटली होती. पगार झालेला, पहाटेच्या एसटीने गावाकडं निघायचं होतं, चौकातल्या एटीएमवर ‘नो कॅश’ची पाटी. इथं लाइट दिसली म्हणून आत आले. त्यात न पटण्यासारखं काय होतं?

मी म्हणालो, “थांबा काका, मी काढून देतो.” माझ्या कमरेला वॉकी, गळ्यात युनिटचं कार्ड. त्यांनी मला बँकेचा माणूसच धरलं, आणि माझं पुढचं वाक्य व्हायच्या आत विचारलं, “पिन सांगू का तुम्हाला?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कार्ड अडकवणारे चोर अगदी असंच करतात. फटीत पट्टी सारून ठेवतात, कार्ड अडकतं, आणि शेजारी उभा असलेला भला माणूस म्हणतो, थांबा, मी मदत करतो, पिन पुन्हा दाबून बघा. सिनेमासाठी हे सगळं मी वाचून काढलं होतं. आमच्या कथेतल्या हॅकरला त्यासाठी तळघर, बारा स्क्रीन आणि एक रशियन मित्र लागला होता. इथे काकांचं कार्ड ट्रेमध्ये, पिन माझ्या लॅपटॉपवर, आणि कुणाच्याही मनात काही नसताना एका मिनिटात सगळं जमून आलं होतं.

आवाज ऐकून प्रॉडक्शनवाले आले. एक जण हसायला लागला, “काय अडाणी लोक असतात.” माझं डोकंच फिरलं. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून इतकी माणसं राबून जी वस्तू बनवली, ती ओळखू आली नाही यात त्या माणसाचा अडाणीपणा कुठला? काल याच माणसाने त्याच मशीनपुढे उभं राहून “एकदम खरं वाटतंय” म्हणत सेल्फी काढला होता. प्रॉडक्शन मॅनेजरचं म्हणणं, कार्ड द्या, चहा पाजा, विषय संपवा. म्हणजे पिनचं काय ते कुणी बोलायलाच तयार नाही.

मी कार्ड काढून काकांच्या हातात दिलं, त्यांच्यासमोर लॅपटॉपवरचे आकडे पुसले आणि हे शूटिंग आहे ते समजावून सांगितलं. त्यांना आधी पटेना. मशीनच्या मागे नेऊन पुठ्ठ्याचा ट्रे दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग सेटवरची वरकामं करणाऱ्या स्पॉटदादाची बाइक घेऊन त्यांना पुढच्या खऱ्या एटीएमवर नेलं. तिथेही वॉचमन नव्हता, दार उघडंच. पिन बदलायचा पर्याय मेन्यूत तिसऱ्या पानावर दडवलेला. ज्याला घाईत पिन बदलायचाय त्याच्या हे कसं लक्षात यावं, हे मेन्यू बनवणाऱ्यांना विचारलं पाहिजे. मी पाठ करून दाराशी उभा राहिलो. २०१८ च्या अखेरीपर्यंत जुनी चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपवाली द्या असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं आणि त्याने कार्डाची नक्कल करणं खरोखर अवघड झालं. पण आमच्या ट्रेमध्ये पडलेलं कार्डही चिपचंच होतं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर मी त्यांना मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. परतताना त्यांनी एवढंच विचारलं, “मग हिरो कोण हाय तुमचा?”

जेवणानंतर पहिला टेक व्हायच्या आत मी कीपॅडचा प्रोग्राम बदलला. आता तो फक्त किती बटणं दाबली ते मोजतो, कुठली ते ठेवत नाही. माझ्या कामाला तेवढं पुरतं. गाळ्याच्या दाराला आर्टवाल्यांनी सुट्टीत दोरी बांधायला सुरुवात केली.

दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण यात हॅकिंग कुठंय?” मी म्हटलं, हेच हॅकिंग. त्याला पटलं असं नाही, पण उजाडायच्या आधी थोडा वेळ उरला होता. स्पॉटदादाला शर्ट बदलून मशीनपुढे उभं केलं. त्यांनी कार्ड घातलं, पिन दाबला आणि वाट पाहत उभे राहिले. कार्ड बाहेर आलं नाही. अभिनय काही केला नाही, नुसते मशीनकडे बघत राहिले. एकच टेक.

आता एडिट चालू आहे आणि सिनेमा लांबतोय म्हणून निर्माता कात्री मागतोय. एडिटरला मी सांगून ठेवलंय की माझी हिरवी अक्षरं हवी तेवढी काप, तो शॉट ठेव. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.