सतरा नग, पण उतरले पंधरा

जोधपूरहून निघालेला ट्रक जुळे सोलापुरात दारात उभा राहिला तेव्हा हे सैन्यातल्या फील्ड पोस्टिंगवर रुजू झाले होते. तिकडे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मी आणि मुलं सासरी आलो. यादीत सतरा नग, उतरले पंधरा. दोन काळ्या ट्रंका नव्हत्या. एकीत मुलांचे गरम कपडे, दुसरीत लग्नातल्या साड्या आणि आईनं दिलेली सोलापुरी चादर.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सही करा, मागून येतील." मी सही केली नाही. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आधी लिहून दे, बाळा." पावतीवरच "दोन नग कमी" असं लिहून घेतलं, मगच सही केली. निघताना प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात यांचं नाव आणि नग क्रमांक घातला होता, फोटोही काढले होते. तेच फोटो कंपनीला पाठवले. नवव्या दिवशी दुसऱ्या गाडीतून ट्रंका आल्या, एकीचं कुलूप तुटलेलं, पण चादर घडीतच होती.

शाळेचं काम त्यामानानं सोपं गेलं. केंद्रीय विद्यालयाचा दाखला आणि यांच्या बदलीचा आदेश मी सामानात न टाकता पर्समध्येच ठेवला होता.

खरी तारांबळ पाण्याची. त्या आठवड्यात नळ चार दिवसांनी आला. धाकटी विचारायची, "बाबांकडे येतं का गं रोज पाणी?" काय सांगणार? रात्री फोन लागला की तिलाच विचारायला लावते.