डिस्प्ले येत नाहीये, कुठला पार्ट बदलू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हा प्रश्न मला सारखा येतो आणि दरवेळी जवळपास याच शब्दांत येतो: पीसी घरी जोडलाय, बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागतात, पण डिस्प्ले येत नाहीये, कुठला पार्ट बदलू?

आत्ता काहीच बदलू नका. खरंच सांगतो, घाईने मागवलेला नवा पार्ट बहुतेक वेळा नुसता पडून राहतो आणि पीसी होता तसाच बंद.

आधी साध्या गोष्टी बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच आहे ना, का चुकून मदरबोर्डच्या पोर्टमधे गेलीये? बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात सीपीयूसाठी ८-पिनचा वेगळा कनेक्टर असतो तो लावलाय का, कारण मोठा २४-पिनचा लावला की पंखे फिरायला लागतात आणि आपल्याला वाटतं की करंट सगळीकडे पोचला. दोन रॅम असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे जातात, आणि नीट बसल्या की टक्क आवाज होतो, नवीन माणूस बोर्ड वाकेल या भीतीने अर्धवटच दाबतो. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेतो, त्यात स्क्रीन काळीच राहते आणि कधी कधी पाच-दहा मिनिटंही जातात, तेव्हा मधेच बंद करू नका, थांबा. आणि बोर्डवर बारीक अक्षरात सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार लाइट असतील तर कुठला लागून राहतो ते बघा. बोर्ड कुठे अडलाय ते तिथेच कळतं.

एवढ्यानं नाही झालं तर मग काढायला लागा. एसएसडी, जादाची रॅम, यूएसबीला लावलेलं सगळं बाहेर. मदरबोर्ड, सीपीयू, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) एवढंच ठेवायचं. सीपीयूमधे स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्डसुद्धा काढायचं, पण इंटेलच्या सीपीयूच्या नावाशेवटी एफ असेल किंवा रायझन ५ ५६०० सारखा असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, तिथे कार्ड लागणारच, हे विसरून बोर्डच्या पोर्टवर तासन्‌तास डिस्प्लेची वाट बघणारे लोक मी बघितलेत. एक रॅम एका स्लॉटमधे, मग तीच दुसऱ्या स्लॉटमधे, मग दुसरी रॅम. दरवेळी एकच गोष्ट हलवायची. दोन एकदम हलवल्या आणि चालू झाला तर कशामुळे झाला हे कधीच कळत नाही, आणि दोन दिवसांनी तो परत बंद पडतो. रॅमचे पाय खोडरबराने पुसायचा सल्ला सगळेच देतात, जुन्या रॅमला उपयोग होतो, पण मला वाटतं बऱ्याचदा काम होतं ते काढून परत नीट बसवल्यामुळे.

आता चालू पीसी मधेच रिस्टार्ट होतो, त्याबद्दल. हे माझ्या स्वतःच्या मशीनला झालं होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे कर्नल-पॉवर ४१ दिसलं, पॉवर शब्द वाचला आणि मी नवा एसएमपीएस आणला. रिस्टार्ट चालूच. ती ४१ ची नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं, का पडलं ते नाही, हे मला नंतर कळलं. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावला, तर त्यातही एरर न येता सरळ रिस्टार्ट. म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर दोन्ही सुटले, कारण मेमटेस्ट विंडोजच्या बाहेर चालतो.

शेवटी बोर्ड कॅबिनेटमधून काढला, मदरबोर्डच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून चालू केला. रात्रभर मेमटेस्ट चालला, एकदाही बंद पडला नाही. परत कॅबिनेटमधे बसवला, अर्ध्या तासात रिस्टार्ट. म्हणजे दोष कॅबिनेटमधे. बोर्डच्या मागे जादाचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खुंट) राहिलाय का बघितलं, कारण तो चुकीच्या जागी टेकला तर शॉर्ट होतो, पण तसं नव्हतं. मग समोरच्या पॅनलच्या वायरी एकेक काढल्या. रीसेट एसडब्ल्यू लिहिलेली दोन पिनांची बारीक वायर काढली आणि रिस्टार्ट थांबले. पॅनल उघडून बघितलं तर रीसेटचं बटण पूर्ण वर येतच नव्हतं, टेबलाला गुडघा लागला की आत टेकायचं. ती वायर मी आजही जोडलेली नाही, रीसेटवाचून काही अडत नाही.

एसएमपीएसवर संशय असेल तर मल्टिमीटरने १२ व्होल्टची लाइन बघा, ११.४ ते १२.६ च्या आत हवी, आणि ती मशीनवर लोड असताना बघा. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून तो चालू होतो का बघतात, त्यातून फक्त चालू होतो एवढंच कळतं, लोड पेलतो का ते नाही. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात, जिवावर बेतू शकतं.

एवढं करूनही अडलात तर मला जरूर विचारा, फक्त विचारताना कुठला लाइट लागून राहतो, बोर्ड बाहेर काढून बघितलात का, आणि बंद पडायच्या आधी शेवटचं काय हलवलं होतं, एवढं सांगा, अगदी रॅम आणि कार्डाचं मॉडेल नाही सांगितलंत तरी चालेल.