कॅन लॉगचं टेबल करताना: माझा अनुभव

मी चाकणला बसच्या टेस्टिंगचं काम बघते. चाचणीच्या गाड्यांवर लॉगर (नोंद ठेवणारी यंत्रं) बसवलेले आहेत. गाडीतले कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात ती कॅन बस; तिच्यावरून दिवसभर जे काही जातं ते एमएफ४ नावाच्या फायलींत साठत राहतं. ॲनॅलिसिसवाल्या सहकाऱ्याला त्यातून डिझेलच्या खपाचा हिशोब काढायचा होता. "ताई, फक्त सीएसव्ही (साधं मजकुरातलं टेबल) करून द्या," एवढंच त्याचं म्हणणं. या 'फक्त'ची मला चांगलीच ओळख आहे.

फाइल उघडली की प्रत्येक फ्रेमची, म्हणजे एकेका संदेशाची, दिसते वेळ, २९ बिटांचा आयडी आणि आठ बाइट. कोणता आकडा कशाचा, ते डीबीसी फाइल सांगते. जड वाहनांत जे१९३९ हे कॅनवरचं मानक चालतं, त्यामुळे निदान नियम ठरलेले असतात. इंजिनाचा वेग चौथ्या-पाचव्या बाइटमध्ये, एका अंकाला ०.१२५ आरपीएम, खालचा बाइट आधी. बाइट सोळाच्या पायाच्या अंकांत लिहितात; 'सी० १२' आलं तर ते १२सी० वाचायचं, म्हणजे ४८००, म्हणजे ६०० आरपीएम: गाडी आयडलला उभी आहे. उलटं वाचलं तर ६१४६ येतात. एवढ्यावर बसचं डिझेल इंजिन शिल्लक राहणार नाही.

पायथनमध्ये कॅनटूल्स या लायब्ररीने डीकोड करायला घेतलं, तर इंजिनाच्या वेगाची एकही फ्रेम जुळेना. डीबीसीत आयडी होता २३६४५४०१५८. त्यातला सगळ्यात वरचा बिट 'हा लांब आयडी आहे' एवढं सांगण्यापुरता. तो काढल्यावर उरतं ०सीएफ००४एफई. कॅन बसवर मात्र ०सीएफ००४०० येत होतं. शेवटची दोन अक्षरं म्हणजे पाठवणाऱ्या कंट्रोलरचा पत्ता. डीबीसीत तिथे एफई आहे, आमच्या इंजिनाचा पत्ता ००. जुळवायचा असतो तो मधला पीजीएन, म्हणजे संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक, इथे ६१४४४. कॅनटूल्सला मास्क देऊन (कोणते बिट बघायचे ते सांगून) हे जमतं, पण मी असॅम-एमडीएफ ही दुसरी लायब्ररी घेतली. ते एमएफ४ थेट वाचतं आणि जे१९३९ असेल तर पीजीएनवरून जुळवतं.

पहिली टेबलं पाठवली आणि सहकाऱ्याचा फोन आला: "ताई, इंजिन २१५ अंशांवर गेलंय, गाडी थांबवायला सांगू का?" गाडी डेपोत उभी होती. तापमानाच्या बाइटमधून ४० वजा करायचे असतात; २१५ म्हणजे २५५ वजा ४०. एका बाइटच्या सिग्नलमध्ये एफएफचा (२५५) अर्थ 'माहिती उपलब्ध नाही', एफईचा (२५४) अर्थ बिघाड. खरी मूल्यं २५० पर्यंतच. किल्ली फिरवल्यावर कंट्रोलर जागा होईपर्यंत अशा काही फ्रेम येत होत्या, आणि डीकोडर इमानेइतबारे त्यातून चाळीस वजा करत होता. डीबीसीत वेगाची कमाल मर्यादा ८०३१.८७५ अशी चमत्कारिक दिसते तीही यामुळेच: दोन बाइटांत खरी मूल्यं ६४२५५ ला संपतात. मर्यादेबाहेरचं सगळं मी रिकामं ठेवलं. तिथे शून्य भरलं तर सरासरी बिघडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. काही डीबीसींत मर्यादेच्या जागी नुसतं ०-० लिहिलेलं असतं. तिथे हाताने आकडे घातले.

मग सगळं एकाच टेबलात हवं, हा सहकाऱ्याचा हट्ट. इंजिनाचा वेग सेकंदाला कित्येकदा येतो, गाडीचा वेग दर १०० मिलिसेकंदांनी, तापमान सेकंदाला एकदा. सगळ्या वेळा एकत्र केल्या की रॅम संपते. त्याला खपासाठी एक सेकंदाचा हिशोब पुरणार होता, म्हणून तेवढंच केलं. वेगाची सरासरी चालते; गिअरला मात्र शेवटचं मूल्य पुढे न्यायचं, नाहीतर बस साडेतीनव्या गिअरमध्ये धावताना दिसते.

लॉगरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, होतं. पहाटे ५:१० ला सुटणारी फेरी आदल्या दिवशीच्या २३:४० ला पडायची, आणि रोजचा खप दोन तारखांत वाटला जायचा. साडेपाच तास मिळवूनच तारखा पाडल्या.

सीएसव्हीवर मात्र मी ठाम नकार दिला. त्याऐवजी पार्के हा टेबल साठवायचा फाइल प्रकार वापरला: पार्के फाइल कितीतरी लहान होते, आणि कॉलमचा प्रकार टिकतो. प्रत्येक फाइलीसोबत कोणती डीबीसी वापरली तिची आवृत्ती लिहिते. मूळ एमएफ४ वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचण्यापुरत्या.

६५२८० ते ६५५३५ हे पीजीएन कंपन्यांच्या खासगी वापराचे. आमच्या लॉगमध्ये त्यांतले काही सतत येतात, बहुधा गिअरबॉक्सकडून. पुरवठादाराकडे डीबीसी मागितली आहे; तोवर ते कॉलम रॉ बाइटांतच आहेत.