हेलिओस तीच, मग मागची पानं फिरत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. पावसाळा सरला, साताऱ्यातल्या आमच्या मॅन्युअल लेन्सवाल्या मंडळींचे नवे फोटो बाहेर पडू लागले, की हा प्रश्न हमखास येतो: “तुमच्या फोटोत माणसामागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. मीही तीच हेलिओस ४४-२ घेतली, पण माझ्या फोटोत तसं काही होत नाही. लेन्स खराब निघाली का?”

बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. अडतं ते अंतरात, मागच्या उजेडात आणि कधीकधी सेन्सरच्या आकारात.

ही ५८ मिमी एफ/२ लेन्स सोव्हिएत बनावटीची आहे आणि तिची रचना झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं असताना, म्हणजे एफ/२ वर, फ्रेमच्या कडेला तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या काठांवर थोडा कापला जातो. त्यामुळे मधोमध असलेले धूसर ठिपके गोल राहतात, पण कडेचे बदामासारखे लांबट होतात. हे बदाम फ्रेमच्या मध्याभोवती रांगेत लागले, की डोळ्याला ते फिरताहेत असं वाटतं. एफ/४ ला अ‍ॅपर्चरचं भोक इतकं लहान होतं, की काठांवर कापायला फारसं काही उरत नाही. ठिपके पुन्हा गोल होतात आणि फिरणं संपतं. म्हणून एफ/२ वर थांबा. एफ/२.८ ला परिणाम निम्म्याहून कमी उरतो असं माझं मत आहे.

आता अंतर. माणूस दीड ते दोन मीटरवर हवा आणि त्याच्या मागची झाडं आणखी चार ते आठ मीटर लांब. बरेच जण लेन्सच्या कमीत कमी अंतरावर, म्हणजे अर्ध्या मीटरवर जाऊन फुलाचा फोटो काढतात. तिथे मागचे ठिपके इतके मोठे होतात, की एकमेकांत मिसळून नुसता रंगाचा लगदा उरतो. झाडं फारच जवळ असली तर पानं पानंच दिसतात, ठिपके होतच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागे बारीक बारीक उजेड हवा. पानांच्या फटींतून आकाश दिसलं पाहिजे. सुरूर-वाई रस्त्याच्या कडेचे जुने वड यासाठी उत्तम आहेत. सकाळी सूर्य खाली असताना माणसाला वडाच्या सावलीत उभं करा आणि सूर्य झाडामागे ठेवा. रस्ता वर्दळीचा आहे, तेव्हा डांबरावर न थांबता शेताच्या बाजूला उतरूनच काढा. संगम माहुलीला घाटावरून झाडांच्या बाजूला कॅमेरा धरला तरी जमतं. नदीच्या मोकळ्या पाण्याकडे धरला तर जमत नाही. कास पठाराच्या उघड्या सड्यावर धुकं आणि गवत एवढंच मागे असतं, त्यामुळे तिथून आलेले “फिरत नाही” हे फोटो बघून मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

सेन्सरचं म्हणाल तर एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात फ्रेमची कड कापली जाते, आणि फिरणं नेमकं कडेलाच असतं. तिथे ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारा, चित्र आक्रसून लहान सेन्सरवर आणणारा काचेचा जोड) लावता येतो. त्याने ५८ मिमीची साधारण ४१ मिमी होते, उजेड एका स्टॉपने (म्हणजे दुप्पट) वाढतो आणि कापलेली कड बरीचशी परत मिळते. स्वस्त रिड्यूसर कोपरे मऊ करतात. पण इथे कोपरे मऊच हवे असतात, म्हणून ती अडचण मी धरत नाही.

अडॅप्टरमुळे, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या रिंगेमुळे, होणारा गोंधळ वेगळा. हेलिओससारख्या एम४२ थ्रेडच्या (४२ मिमी आट्यांच्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणून अडॅप्टर २७.४६ मिमीचा. निकॉन झेडला अडॅप्टर २९.४६ मिमीचा. अडॅप्टर किंचित आखूड असला तर चालतं, फोकस अनंताच्या थोडा पुढे जातो इतकंच. किंचित जास्त लांब असला तर लांबचं काहीच धारदार येत नाही. तपासायला एफ/२ वर यवतेश्वरचा डोंगर धरा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर मात्र ही लेन्स घेऊ नका. तिथलं अंतर मुळातच ४६.५ मिमी आहे, त्यात अडॅप्टरची जाडी धरली की दीड-दोन मीटरपलीकडे फोकस पोचत नाही. काच घातलेले अडॅप्टर ते दुरुस्त करतात, पण एफ/२ वर चित्र मलूल होतं.

कॅमेऱ्यात आधी “लेन्सशिवाय शटर” चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर ५८ मिमी हा आकडा हाताने भरा. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. ४४-२ ला दोन रिंगा असतात: एकीने मर्यादा ठरते, दुसरीने त्या मर्यादेपर्यंत अ‍ॅपर्चर मोकळेपणाने उघडतं-मिटतं. नवखे पहिली एफ/८ वर ठेवून दुसरी मिटवतात आणि उघडायला विसरतात. “फिरत नाही” म्हणून पाठवलेल्या फोटोंत हे कारण बऱ्याचदा निघतं. लेन्समध्ये समोरून बघा, अ‍ॅपर्चरच्या पाकळ्या दिसता कामा नयेत.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा कॅमेरा रंगवून दाखवतो, त्यावर) एफ/२ ला भरवसा ठेवू नका. दीड मीटरवर धारदार पट्टा जेमतेम आठ सेंटिमीटरचा असतो, आणि पीकिंगच्या रंगीत कडा त्याहून जाड पट्ट्यावर उमटतात. डोळ्यावर झूम करा, फोकस लावा, मग स्वतः किंचित पुढेमागे झुलत लागोपाठ तीन-चार फोटो घ्या.

कासला जायचं असेल तर पानांचं फिरणं विसरा आणि एक्स्टेन्शन रिंगा (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये लावायच्या पोकळ रिंगा) घ्या. ५८ मिमीला २८ मिमीची रिंग लावली, की फूल सेन्सरवर साधारण निम्म्या आकाराचं उमटतं आणि उजेड एका स्टॉपहून थोडा जास्त घटतो. पण सीतेची आसवं ही तिथली इवलीशी फुलं टिपायला त्यात अगदी जवळ जावं लागतं, म्हणजे पाऊलवाट सोडावी लागते. ते करू नका. पायाखाली तीच फुलं जातात. त्यापेक्षा जुनी १३५ मिमी एफ/३.५ लेन्स आणि १४ मिमीची रिंग घ्या. पाऊण ते दीड मीटरवरून, वाटेवर उभं राहूनच फोकस होतो. एफ/५.६ ठेवा. वाऱ्यासाठी शटर १/५०० पेक्षा हळू नको, त्यासाठी आयएसओ हवा तितका वाढवा. या लेन्सवर कोटिंग साधं असतं, धुक्यात कॉन्ट्रास्ट आणखी पडतो, तेव्हा हूड लावाच. हेलिओसला ४९ मिमी थ्रेडचा बसतो.

घाटमाथ्यावरून परत आल्यावर लेन्स लगेच डब्यात कोंबू नका. कोरड्या खोलीत पंख्याखाली रात्रभर ठेवा, मगच हवाबंद डब्यात. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. चामड्याच्या मूळ पाकिटात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला घर मिळतं.

जुनी लेन्स विकत घेताना मागून टॉर्च तिरका मारून बघा. धुळीचे कण सोडून द्या. जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि सगळीकडे पसरलेला दुधी पडदा त्याहून वाईट, कारण कॉन्ट्रास्ट तोच खातो. पाकळ्यांवर तेल दिसलं तर ४४-२ मध्ये घाबरायचं कारण नाही, त्या हातानेच फिरतात. ज्या लेन्समध्ये कॅमेरा पिन दाबून पाकळ्या मिटवतो, तिथे मात्र तेलाने त्या अडकतात. फोकस रिंग घट्ट फिरत असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. काम करून मिळतं, पण किंमत तेवढी कमी करून घ्या.

आणि पुढच्या वेळी “फिरत नाही” असा फोटो पाठवाल तेव्हा सोबत चार गोष्टी लिहा: अ‍ॅपर्चर, माणसाचं अंतर, मागच्या झाडांचं अंतर आणि फोटो कापलाय का. लेन्समध्ये चिप नसल्यामुळे फाइलमध्ये अ‍ॅपर्चरची नोंद होत नाही, म्हणून ते तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.