ओनील, नेब्रास्का : हरलेल्या जनरलचं गाव

अमेरिकेतल्या ओमाहा शहराहून वायव्येला निघालं की नॉरफोकपर्यंत मक्याची साथ असते. पुढे जमीन रेताड होते, लसूणघास आणि गवताच्या गोल गठ्ठ्यांची शेतं लागतात. सुमारे तीनशे किलोमीटरवर, एल्कहॉर्न नदीजवळ ओनील आहे. वस्ती साडेतीन हजार. भर चौकात काँक्रीटच्या रस्त्यावरच आयर्लंडचं चिन्ह असलेलं तीन पानांचं शॅमरॉक काढलेलं आहे, एवढं मोठं की गाड्या त्यावरून वळतात. 1969 मध्ये राज्यपालांनी गावाला ‘नेब्रास्काची आयरिश राजधानी’ जाहीर केलं आणि 17 मार्चला इथे संत पॅट्रिकचा सण दणक्यात होतो. मला ओढ होती ती गावाला नाव देणाऱ्या माणसाची.

जॉन ओनील मूळचा आयर्लंडच्या मोनाहन परगण्यातला. बटाट्याच्या दुष्काळात, 1848 साली, कोवळ्या वयात अमेरिकेत आला आणि यादवी युद्धात उत्तरेकडून लढला. मग फेनियनांचा, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांचा, सेनानी झाला. ब्रिटिश कॅनडावर चालून जायचं आणि इंग्रजांना आयर्लंड सोडायला भाग पाडायचं, हा त्यांचा बेत. जून 1866 मध्ये नायगारा नदी ओलांडून रिजवेची लढाई त्याने जिंकली, पण कुमक आली नाही आणि परतावं लागलं. 1870 आणि 1871 च्या स्वाऱ्याही फसल्या, तुरुंगही झाला.

यानंतर त्याने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत, पूर्वेकडच्या शहरांत राबणाऱ्या आयरिश मजुरांना तो सांगू लागला, चला, जमीन घेऊ. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसून राहणाऱ्याला 160 एकर मिळत होते. पिढ्यान्‌पिढ्या परक्या जमीनदाराची कुळं असलेल्यांना सातबारा स्वतःच्या नावावर होणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मे 1874 मध्ये 13 पुरुष, 2 बायका आणि 5 मुलं इथे उतरली. माळावर घर बांधण्यापुरतं लाकूड कुठून मिळणार? गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती कापून त्यांनी तिच्याच भिंती रचल्या आणि त्या एकत्र राहण्याच्या घराला नाव दिलं ‘ग्रँड सेंट्रल हॉटेल’! या नावातली उमेद मला फार आवडली. त्याच उन्हाळ्यात नेब्रास्कावर टोळधाड आली. बटाट्याचं पीक कुजताना पाहिलेल्या पिढीने आता हिरवी शेतं फस्त होताना पाहिली. तरी वसाहत टिकली, आणखी तुकड्या येत गेल्या. जवळचं एमेट हे चिमुकलं खेडंही डब्लिनमध्ये 1803 साली फाशी गेलेल्या आयरिश क्रांतिकारक रॉबर्ट एमेटच्या नावाचं.

ओनील मात्र 1878 मध्येच गेला, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याची कबर ओमाहात आहे. तिच्यावरच्या स्मारकाचं अनावरण 1919 मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमन डी व्हॅलेरांनी केलं.

परतताना मी मुद्दाम ईशान्येची वाट धरून नायोब्रारा नदीच्या मुखाकडे गेलो. तिथे पोन्का या मूळनिवासी जमातीचे लोक राहत. ओनीलची माणसं स्थिरावत होती तेव्हाच, 1877 मध्ये, सरकारने पोन्कांना बळजबरीने दक्षिणेला हाकललं. वाटेत आणि तिकडे पोहोचल्यावर कितीतरी माणसं दगावली. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाचे अवशेष इथे पुरायला परत निघाला, पकडला गेला, आणि 1879 मध्ये ओमाहाच्या न्यायालयाने मान्य केलं की कायद्याच्या दृष्टीने इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळनिवासी, हाही माणूस आहे. ओनीलला जाल तर नायोब्रारासाठीही वेळ ठेवा. ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात पाहून होतात.