छप्पन्नचा वाद

आमच्या बँकेच्या शाखेत पेन्शनर लोकांना नावाने कोणी हाक मारत नाही. निवृत्त होताना जो हुद्दा होता तोच त्यांना कायमचा चिकटलेला. मास्तर, सिस्टर, पोस्टमनकाका, वीज बोर्डाचे लाइनमनभाऊ, आणि नॅरोगेजच्या शेवटच्या डब्यात झेंडा घेऊन जन्म काढलेले गार्डसाहेब. रेल्वेने २०२२ मध्ये 'गार्ड' हा शब्दच बाद करून 'ट्रेन मॅनेजर' केला, तेव्हा मास्तरांनी ते कात्रण मुद्दाम आणून त्यांना वाचून दाखवलं होतं. गार्डसाहेब म्हणाले, "मॅनेजर तो काचेच्या खोलीत बसला आहे. मी बाहेरच बरा."

शाखा नागपूरच्या महाल भागातली, जुन्या इमारतीत. मी कॅश काउंटरवर. बँकेचं नाव इथे महत्त्वाचं नाही.

खरं सांगायचं तर गार्डसाहेबांचा मला मनातून राग यायचा. रेल्वेचं पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतं. त्या दिवशी ते नुसती पासबुकात एन्ट्री करून घ्यायला येत. एक तारखेला येऊन दोन हजार काढत. दहा-बारा तारखेला परत दोन हजार, वीसच्या पुढे परत. दर वेळी विड्रॉलची स्लिप, दर वेळी सही थरथरलेली म्हणून दुसऱ्यांदा, आणि "पन्नासच्या नोटा असतील तर द्या ना जी."

"काका, एकदमच काढून घ्या ना. कशाला उन्हातान्हात चकरा मारता?"

"हो जी, पुढच्या वेळी."

ती पुढची वेळ काही आली नाही. त्यात २०२४ च्या एप्रिलमध्ये रिजनल ऑफिसचा तक्ता आला: कोणत्या शाखेत किती व्यवहार काउंटरवर होतात अन् किती बाहेर. आमची शाखा खालून दुसरी. मी पदर खोचून कामाला लागले. गार्डसाहेबांना एटीएम कार्ड काढून दिलं, दाराजवळच्या मशीनवर नेऊन शिकवलं. माणूस हुशार, एका खेपेत शिकला. चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली, "भारी आहे" म्हणाला आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्यासमोर रांगेत उभा.

मग माझी नजर बाकावर गेली. खिडकीखाली, कूलरच्या झोतात एक सागवानी बाक होता, चांगला सहा माणसं बसतील असा. महिन्याचे पहिले चार-पाच दिवस सकाळी साडेदहापासून ही मंडळी त्यावर ठाण मांडून असत. काम दहा मिनिटांचं, बैठक दोन तासांची. मी नोट टाकली की पासबुक छापायचं मशीन तिथे बसवावं, म्हणजे एन्ट्रीची गर्दी काउंटरवरून हटेल. साहेबांनी लगेच सही केली. शनिवारी, एक जूनला, बँक बंद झाल्यावर बाक रेकॉर्ड रूममध्ये जायचा होता. हमाल मीच सांगून ठेवला होता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी ३० मे रोजी, नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली. नवतपा सुरूच होता, आणि त्यात हा आकडा. सगळ्या शहराला दुसरा विषय नव्हता. शुक्रवारी गार्डसाहेब एन्ट्रीसाठी आले तेव्हा बाकावर तेच पेटलेलं.

मास्तर म्हणाले, शक्यच नाही. नागपूरचा उच्चांक ४७.९, तोही २०१३ चा. एका रात्रीत आठ अंश चढतील का?

गार्डसाहेब म्हणाले, का नाही? नागभीडच्या छोट्या लाइनवर मे महिन्यात ब्रेकव्हॅनच्या दांड्याला हात लावून पाहिला होता का कधी?

"दांड्याचं तापमान वेगळं, हवेचं वेगळं. सातवीचं विज्ञान आहे हे."

"मग तुम्ही सातवीतच राहिले."

मी काचेवर पेन आपटलं तेव्हा कुठे आवाज खाली आला. जाताना मास्तर म्हणाले, "उद्या पेपरात येईलच. पुरावा घेऊन येतो." गार्डसाहेब दुपट्टा डोक्याला गुंडाळत म्हणाले, "आणा." मनात आलं, उद्याचा एक दिवस, मग भांडा कुठे भांडायचं ते.

शनिवारी मास्तर सव्वादहालाच हजर. कात्रण कापून आणलेलं: हवामान खात्याच्या म्हणण्यानुसार त्या केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता. येईल त्याला ते दाखवत होते. अकरा वाजले. मास्तर म्हणाले, "हरणार हे माहीत होतं, म्हणून आला नाही." सगळे हसले. साडेअकराला त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण या वेळी कोणी हसलं नाही, आणि त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

सिस्टर माझ्या काचेशी आल्या. डागा हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, एरवी कमी बोलणाऱ्या.

"गार्डसाहेब आले नाही."

"येतील. नाही तर एटीएम आहे आता त्यांच्याकडे."

त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. "मॅडम, तुमाले वाटते का ते पैशासाठी येतात?"

मी निमूटपणे त्यांचं खातं उघडलं. पत्ता, नंबर बाहेर कोणाला सांगता येत नाही, पण मी स्वतः फोन लावू शकत होते. लावला. उचलला तो त्यांच्या मुलाने, हैदराबादहून. ओटीपीचा घोळ नको म्हणून खात्याला त्याचाच नंबर जोडलेला, हे आमच्याकडे निम्म्या पेन्शनरांचं असतं. मुलगा सभ्य होता. म्हणाला, परवाच बोललो, बाबा ठणठणीत आहेत. दहा मिनिटांनी त्याचाच परत फोन: "मॅडम, बाबा उचलत नाहीत. रिंग जाऊन राहिली नुसती."

मी पत्ता सांगू शकत नव्हते. तशी गरजही पडली नाही. पोस्टमनकाका उठून उभे राहिले. "मले माहीत आहे ना घर. अठरा वर्सं डाक टाकली त्या गल्लीत. बाहेरून जिना आहे, खाली गोडाऊन." आमचा दफ्तरी स्कूटरची किल्ली घेऊन निघालाच. बहात्तर वर्षांचे काका डोक्याला रुमाल बांधून मागे बसले.

माझ्यासमोर रांग होती. कॅश सोडून उठता येत नाही. पुढची पंचवीस मिनिटं मी नोटा मोजत होते आणि एका माणसाला पाचशे जास्त दिले. भल्या माणसाने परत केले. बाकावर कोणी बोलत नव्हतं. मास्तरांनी कात्रणाची घडी केली, उघडली, परत केली.

फोन आला. दार आतून बंद, हाकेला ओ नाही, कूलरचा आवाज मात्र येतोय. सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला. "खालून कोनाले तरी बोलवा अन् कडी तोडा. एकशेआठले आताच फोन करा."

गार्डसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडले होते. पहाटे पाणी प्यायला उठले असावेत. कूलरची मोटर जळालेली, टाकीतलं पाणी वर चढतच नव्हतं, आणि पंखा मात्र कोरड्या टट्ट्यांतून गरम हवा रात्रभर फेकत होता. अंग तापलेलं, कातडी कोरडी, बोलणं असंबद्ध. सिस्टर फोनवर एकेक सांगत होत्या: कपडे सैल करा, चादर ओली करून पांघरा, काखेत अन् मानेला ओले फडके ठेवा, वारा घाला. "तोंडात पानी नका ओतू. शुद्धीत नाही, ठसका लागन. ऐकता ना जी?" सगळी शाखा ऐकत होती. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर येऊन उभे होते.

गाडीने त्यांना मेयो हॉस्पिटलात नेलं. उष्माघाताच्या रुग्णांसाठीच्या गार वॉर्डात ते तीन दिवस आणि नंतर साध्या वॉर्डात चार दिवस होते. आणखी दोन तास गेले असते तर हाती लागले नसते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला सांगितलं. तो त्या रात्रीच विमानाने आला होता.

संध्याकाळी हमाल बाक न्यायला आला. मी त्याला चहाला पैसे देऊन परत पाठवलं. साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवस मला झोप नीट लागेना. उष्माघाताबद्दल वाचता वाचता शिकागोवर येऊन थांबले. १९९५ च्या जुलैमध्ये तिथे अशीच लाट आली होती. पारा ४१ अंशांपर्यंत गेला, नागपूरकराला हसू येईल असा आकडा. पण ७३९ माणसं गेली, त्यांतले कितीतरी म्हातारे, एकटे, बंद दारांआड. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. त्याने एकमेकांना खेटून असलेल्या दोन वस्त्या घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरीब म्हाताऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं, एकट्या म्हाताऱ्यांचंही सारखं, ऊन तर सारखंच. पहिलीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४ पेक्षा कमी. फरक होता रस्त्याचा. पहिल्या वस्तीतली दुकानं उठून गेली होती, जागा ओसाड पडल्या होत्या, म्हातारी माणसं घराबाहेर पडत नव्हती. दुसरीत बाजार होता. भाजी घ्यायला, पाव घ्यायला माणसं रोज बाहेर पडत, आणि पडली नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येई.

आणखी एक गोष्ट तिथे होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका जास्त, पण मेले जास्त पुरुष. हे वाचून मला नवल वाटलं नाही. आमच्याच बाकावरच्या सिस्टरना भिशी आहे, भजनी मंडळ आहे, शेजारीण वाटी घेऊन येते. गार्डसाहेबांना बायको गेल्यावर काय होतं? विड्रॉलची स्लिप.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जूनमध्ये अहवाल काढला, जगात सहातला एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. असले आकडे फॉरवर्डमध्ये फिरतात, आपण हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे जातो. मला झोंबलं ते वेगळंच, एक साधं संशोधन. व्हँकुव्हरच्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी, सँडस्ट्रॉम आणि डन यांनी, २०१४ मध्ये छापलेलं. कॉफीच्या दुकानात शिरणाऱ्या काही जणांना त्यांनी सांगितलं, काउंटरवरच्या माणसाशी हसून दोन शब्द बोला. बाकीच्यांना सांगितलं, पैसे तयार ठेवा, झटपट घ्या आणि निघा. बोलणारे जास्त खुशीत बाहेर आले, आणि त्यामागे आपण इथले कोणी आहोत ही भावना होती. मी अठरा वर्षं लोकांना दुसऱ्या गटात ढकलत होते आणि त्याचं मला प्रशस्तिपत्रही मिळालेलं आहे. नेदरलँड्समधल्या जम्बो नावाच्या दुकानांनी तर २०१९ पासून मुद्दाम सावकाश चालणारे काउंटर सुरू केले, घाई नसलेल्यांनी गप्पा मारायला. आमच्या रिजनल ऑफिसला हे सांगायची माझी छाती नाही.

मुलाने गार्डसाहेबांना हैदराबादला नेलं. आता ते तिकडेच राहणार, खातं बदलून घेणार, असं सगळे धरून चालले होते. जून संपला, बाकावर त्यांची जागा तशीच. मुद्दाम कोणी ठेवली असं नाही, लाइनमनभाऊ तिथे पिशवी ठेवत. मास्तर महिनाभर कोणाशी भांडले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, तब्येत बिघडली वाटते यांची.

३१ जुलैला, बुधवारी, पाऊस धो धो कोसळत असताना दारात एक छत्री मिटली. गार्डसाहेब. बरेच उतरलेले, हातात काठी. मी काउंटरवरून उठले, नियम मोडून.

"काका, राहिले नाही का तिकडे?"

"चांगलं आहे तिकडे. एसी आहे, लिफ्ट आहे, सूनबाई चांगली आहे." पासबुक काढता काढता थांबले. "पण सगळे आजोबा म्हनतात जी. खाली वॉचमन आजोबा म्हनतो, दूधवाला आजोबा म्हनतो. गार्ड होतो हे कोनाले माहीतच नाही."

गल्लीतल्या गोडाऊनवाल्याकडे आता एक किल्ली आहे आणि कूलरला नवी मोटर. मुलगा रोज सकाळी फोन करतो. ते एन्ट्री करून बाकाकडे गेले. लाइनमनभाऊंनी पिशवी उचलली. कोणी फार काही बोललं नाही, "या" एवढंच.

मास्तरांनी पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरातून कात्रण काढलं. दोन महिन्यांत घडीवर फाटायला आलेलं. गार्डसाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि चष्मा पुसत बसले.

गार्डसाहेबांनी ते सावकाश वाचलं. शेवटपर्यंत. मग परत दिलं.

"हवामान खात्याचं काय ऐकता, मास्तर. माझ्या घरात होतं ना छप्पन्न."

"घरातलं तापमान वेगळं, बाहेरचं वेगळं," मास्तर म्हणाले, आणि दोघांचे आवाज चढायला लागले. मी पेन उचललं होतं, ते तसंच खाली ठेवलं.