आमची वाटचाल : खाचांतली धूळ

जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स साफ करून देण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका चुकीने झाली. नवा मदतनीस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला तीच सांगतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात दर बुधवारी-रविवारी फिरून मी रेकॉर्ड्स गोळा करायचो आणि घरी आणून हौसेने साफ करायचो. ते पाहून ओळखीच्या एका काकूंनी त्यांच्या वडिलांची नाट्यसंगीताची तबकडी माझ्याकडे दिली. एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या काळातल्या विनाइलच्या (प्लास्टिकच्या) रेकॉर्डसाठी, करतो तेच आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण मी तिला लावलं. बघता बघता फडकं काळं झालं. मला वाटलं, केवढा मळ निघतोय! पण ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फडक्यावर आलं होतं ते गाणंच होतं. काकू काही बोलल्या नाहीत. तबकडी कव्हरात सरकवली आणि घेऊन गेल्या.

त्यानंतर सहा महिने मी दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड हातात घेतली नाही. वाचलं, विचारलं, फुटक्या तबकड्या विकत घेऊन त्यांच्यावर हात बसवला. मग धाकट्या भावाबरोबर मागच्या खोलीत टेबल टाकलं.

आज लाखेच्या तबकडीला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा थेंब. एलपीला ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग मशीन ते पाणी मळासकट ओढून घेतं. नळाचं पाणी आम्ही वापरत नाही, कारण त्यातले क्षार खाचांतच सुकून बसतात. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, हे तर भावाने भिंतीवरच लिहून ठेवलंय.

पावसाळा सरला की मुंबई-कोकणातून खोकी येतात. बुरशीचं पांढरं जाळं बहुतेकदा निघतं. चरे मात्र निघत नाहीत, आणि हे आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो. ७८ची तबकडी एलपीच्या सुईवर वाजवू नका, हेही सांगतो. ती बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला घासत जाते.

साफ झालेली रेकॉर्ड नव्या आतल्या पिशवीत जाते, पण बाहेरचं कव्हर फाटकं असलं तरी आम्ही तेच परत देतो. कित्येक कव्हरांच्या कोपऱ्यात निळ्या शाईने कुणाचं तरी नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली असते.